घरतांचं जर्मन

१५ एप्रिल, मंगळवार

नवी तुकडी सुरू झाली. झेरॉक्सच्या दुकानावरची तीच खोली, तोच घरघरणारा पंखा आणि समोर पाच प्रौढ: तीन नर्स, एक फिटर, एक म्हातारा. चौदा वर्षं मी अलिबागेत जर्मन शिकवतेय. कोण कुठे अडकणार हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. हे पाचही जण पहिल्याच शब्दावर अडकणार. तिशी उलटलेल्या माणसाची जीभ म्हणजे वाळलेली सुपारी. कातरता येते, वाकवता येत नाही.

म्हाताऱ्याचं नाव मोरू घरत. वय चौपन्न, दिसतात सत्तरीचे. आधी मिठागरात होते, मग न्हावा शेव्याला ट्रेलरवर, आता एका कंटेनर यार्डाच्या फाटकावर बसतात. करंज्याहून तरीने, म्हणजे प्रवासी बोटीने, खाडी ओलांडून रेवसला यायचं आणि तिथून सहा आसनी रिक्षाने इथे. एवढा खटाटोप कशासाठी ते मी विचारलं नाही. सगळ्यांची कारणं सारखीच कंटाळवाणी असतात.

वही उघडायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "मॅडम, येखादा मानूस मागं काय बोल्ला व्हता, ता जर्मनमदी कसा इचारायचा?"

"भूतकाळ नवव्या धड्यात आहे, घरत. आज 'माझं नाव अमुक' एवढंच."

"नववा धडा कवा येल?"

"ऑक्टोबरात. आलाच तर."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत ते लिहून घेतलं. 'ऑक्टोबर.' बाकी काही नाही.

सोबत नात आणलीय, केसर. पाच वर्षांची. बालवाडीला सुट्टी आहे, सून नोकरीला जाते, म्हणून. मी म्हटलं बसू दे मागे, आवाज करायचा नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज नामांची लिंगं. डेअर, डी, डास. नर्सबाईंनी नेहमीचं रडगाणं लावलं: टेबल पुल्लिंगी का, मुलगी नपुंसकलिंगी का? प्रौढांना प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. कारण सांगा, तरी येत नाही ते वेगळंच.

घरत म्हणाले, "आपल्याकरं पन हायच की. तो बांद, ती होरी, ता घर. कोनी शिकवला आपल्याला?"

बरोबर होतं. मी तसं बोलले नाही. एक बरोबर बोलला की वर्गात सगळ्यांनाच पंख फुटतात. त्यानंतर त्यांनी 'इश', म्हणजे 'मी', हा शब्द सोळा वेळा 'इख' असा म्हटला. घसा खाकरावा तसा.

आणि मागच्या बाकावरून, रंगीत खडूने कागद बरबटवत असलेली ती पोर, कोणी विचारलेलं नसताना म्हणाली, "इश."

स्वच्छ. कॅसेटवरच्यासारखं. मी तिला मुद्दाम 'श्मेटरलिंग' म्हणायला लावलं, फुलपाखरू. म्हणाली आणि परत चित्र काढायला लागली. मी पाचही जणांकडे बघितलं. त्यांना लाज वाटली असावी. वाटायलाच हवी होती.

१० मे, शनिवार

किहीमचा वर्ग. आठवड्यातला एकच दिवस मला शिक्षिका असल्यासारखं वाटतं. मुंबईकरांच्या बंगल्यांतली सहा मुलं, नारळाच्या झाडांखाली सतरंजी. रंग, प्राणी, दोन गाणी. एकदा ऐकलं की लगेच म्हणतात. आईबाप खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढतात आणि स्वतः एक शब्द धड बोलू शकत नाहीत.

एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही जर्मनीत किती वर्षं होता?" मी सांगितलं, एकदा जायची संधी आली होती, पण त्या साली आईची पाठ दुखत होती म्हणून राहिलं. संध्याकाळी दिवेआगरहून आईचा फोन आला. शेजाऱ्यांना सुपारी उतरवून घ्यायला माणूस मिळेना, तर हीच गड्यांवर ओरडत उभी होती दिवसभर. मी म्हटलं, पाठीला जप. म्हणाली, "माझ्या पाठीला काय धाड भरलीय?"

१३ मे, मंगळवार

आज घरत वर्ग सुटल्यावर थांबले. केसर जिन्यात उड्या मारत होती.

त्यांचा मुलगा दिपेश जहाजावर होता. सत्तावीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी भर समुद्रात ताप मेंदूत गेला. जहाज जर्मनीच्या उत्तरेकडच्या एका बंदरात लागलं, त्याला इस्पितळात उतरवलं. अकरा दिवस होता, मग गेला. शेवटच्या रात्री एक नर्स त्याच्याजवळ बसून होती, फ्राउ हार्म्स, म्हणजे हार्म्सबाई. नंतर तिने इकडे फोन केला. एक दुभाषा मध्ये होता.

"बाई धा मिनिटा बोल्ली, मॅडम. मोप बोल्ली. आन् हा सांगतो, 'शांतपणे गेला.' येवढाच. मी बोल्लो, बाकीचा? तो बोल्ला, 'बाकी विशेष काही नाही.'"

"मग नसेल विशेष."

"तिच्या बोलन्यात मना 'बाबा' आयकू आला."

मी समजावलं की परकी भाषा ऐकताना कानाला हवे ते शब्द ऐकू येतात, हे शास्त्र आहे. ते ऐकून घेतात, हीच त्यांची अडचण. ऐकून घेतात आणि जागचे हलत नाहीत.

मग मी म्हटलं, मला नंबर द्या, पाच मिनिटांत विचारून सांगते. फुकट. चौदा वर्षांचं माझं जर्मन, कोणालाही फुकट देत नाही मी.

ते स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, "रागावू नका. पन तुमी सांगशाल ता तुमचा असंल. मना तिचा पायजे."

"मोबाइलवर भाषांतर होतं हल्ली."

"तो पन मदला मानूसच."

म्हणजे माझी आणि मोबाइलची एकच पायरी! 'इख' म्हणणारा माणूस एका मरणाच्या रात्रीची हकिकत स्वतः ऐकणार आहे, उत्तर जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या नर्सकडून, सहा महिन्यांत! नववा धडा संपायच्या आत हे तुकडी सोडतील. लिहून ठेवते.

१७ जून, मंगळवार

शाळा सुरू झाली, केसर येणं बंद. वर्गातली एकमेव जर्मन बोलणारी व्यक्ती गेली. दोन महिन्यांत तिने चाळीस-पन्नास शब्द उचलले होते, वहीशिवाय. तिच्या आजोबांच्या दोन वह्या भरल्यात. एका पानावर मला न विचारता नववा धडा उतरवलाय, देवनागरीत, चुकांसकट. मी म्हटलं, पाया नसताना माडी बांधताय. म्हणाले, "पाया बांधीपरयंत बाई र्‍हायल का?"

५ ऑगस्ट, मंगळवार

फिटर गेला. एक नर्सही गेली. घरत आहेत.

आज रेवसहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईने सांगितलं, तुमचा तो विद्यार्थी तरीवर मोठमोठ्याने काहीतरी बडबडतो, खलाशी त्याला हसतात, मासळीवाल्या त्याच्या तोंडून नवे शब्द काढून घेतात. मी घरतांना विचारलं. म्हणाले, "व्हय. त्या मना इचारतात, बांगऱ्याला काय बोलतात? मना नाय येत. तुमी सांगा."

लाज न वाटणं हा त्यांचा एकमेव गुण. मला हे अशक्य आहे. मी चुकीचं वाक्य बोलण्यापेक्षा गप्प बसणं पसंत करते, आणि सुशिक्षित माणसाचं लक्षण तेच आहे.

बांगड्याला काय म्हणतात ते मलाही शब्दकोशात बघावं लागलं. माक्रेलं. बघितल्याचं त्यांना सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

किहीमचा वर्ग गणपतीमुळे तीन आठवडे बंद होता. आज मुलांना विचारलं, निळ्याला काय म्हणतात? सहाच्या सहा जणांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी रस्ता चुकून आले. एक म्हणाला, "आपण स्पॅनिश शिकत होतो ना?" गाण्याची चाल आठवत होती, शब्द एकही नाही.

चूक आईबापांची. घरात एक शब्द बोलत नाहीत, मग राहणार कसं? व्हिडिओ मात्र सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

किहीमचा राग प्रौढांवर काढला. न सांगता परीक्षा घेतली, एप्रिलपासूनचं सगळं. नर्सना बत्तीस आणि तीस. घरतांना पन्नासपैकी सव्वीस. शुद्धलेखन भयंकर. पण एप्रिलमधलं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं, पहिल्या दिवसाचंसुद्धा नाही. मी पेपर दोनदा तपासला. माणूस हुशार नसला की हट्टी असतो, इतकंच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

फ्राउ हार्म्सचं पत्र आलंय. पत्ता घरतांनी इस्पितळाकडून मिळवला होता, ऑगस्टमध्ये चार ओळींचं पत्र स्वतः लिहून पाठवलं होतं, मला न दाखवता. चार ओळींत किती चुका असतील याची कल्पनाही करवत नाही. पण उत्तर आलं. ती आता निवृत्त आहे, अडुसष्ट वर्षांची. ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बोलायचं असेल तर त्याआधी बोलू या, असं लिहिलंय.

व्हिडिओ कॉल ठरलाय: १४ ऑक्टोबर, दुपारी तीन, माझ्या वर्गातून, माझ्या लॅपटॉपवर.

मी घरतांना बजावलं: केसरला आणा. तिच्याकडून नमस्कार-चमत्कार म्हणवून घेऊ, उच्चार निदान घरात कोणाचा तरी बरा आहे हे बाईंना कळेल. पुढचं मी बघते. अडलात की बाजूला व्हा. इथे भावनेचं काम नाही, भाषेचं आहे.

"केसरला आनतो," ते म्हणाले. "बाईला दिपेशची पोर दिसंल."

बाजूला होण्याबद्दल काही बोलले नाहीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

घरत दीड तास आधी आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. केसरला दोन वेण्या. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "गुटन टाग म्हणशील ना?" ती आजोबांच्या मागे गेली. "श्मेटरलिंग म्हण बघू." तिला शब्द ओळखूच आला नाही. चार महिन्यांत साफ पुसलं गेलं होतं. ज्या जिभेचं मी एप्रिलपासून कौतुक करत होते ती जीभ तिने मला काढून दाखवली आणि आजोबांच्या शर्टात तोंड लपवलं.

ठीक तीनला बाई पडद्यावर आल्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा, मागे खिडकीत कुंडी. बोलायला लागल्या. हे सीडीवरचं जर्मन नव्हतं. अर्धे शब्द गिळलेले, अर्धे ओढलेले. निम्मंसुद्धा कळेना.

घरत खुर्चीच्या टोकावर बसले होते. म्हणाले, "फ्राउ हार्म्स. इख बिन दिपेश फाटर."

मी दिपेश बाप. षष्ठी नाही, काही नाही. मी डोळे मिटले. बाई मात्र म्हणाल्या, "या. या." हो, हो. आणि काचेवर हात ठेवावा तसा पडद्यावर हात ठेवला.

मग घरतांनी सहा महिने घोकलेलं ते वाक्य म्हटलं. "वास हात दिपेश गेझाग्ट?" दिपेश काय बोलला? व्याकरणात खोट नव्हती.

बाई बोलत सुटल्या. मी वही घेऊन टिपायला लागले, सुटत गेलं. घरतांनी हात वर केला, माझ्या वर्गात करतात तसा. "लांगझाम, बिटं. नोख माल." हळू बोला, पुन्हा एकदा. त्या थांबल्या, पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागल्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घरतांनी पुन्हा हात वर केला. चौथ्यांदाही. एका आजारी बाईला हा माणूस चार चार वेळा तेच सांगायला लावतो! पण बाई चिडत नव्हत्या. दर वेळी वाक्य लहान करत होत्या. रात्र. ताप. हात धरला होता. एकच गोष्ट म्हणत होता, सारखी. डॉक्टर भारतीय होते, दक्षिणेकडचे, त्यांनाही कळलं नाही. म्हणून मी लिहून ठेवलं, बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा नीट केला आणि एक घडीचा कागद उलगडला. वाचलं, "बाबा. खांट पार्ली."

मी घरतांना म्हटलं, "कांटं म्हणजे कडा, काठ. काहीतरी पलंगाच्या कडेबद्दल सांगतायत."

ते ऐकत नव्हते. "नोख माल," म्हणाले.

"बाबा, खांट पार्ली. दावा, बाबा, दावा."

"खांड परली," घरत म्हणाले. "धावा, बाबा, धावा."

तिकडे बाईंना त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी हळूच विचारलं, वास हाइस्ट डास? त्याचा अर्थ काय? दोन वर्षं तो कागद जपून ठेवला होता त्यांनी, अर्थ माहीत नसताना.

घरत माझ्याकडे वळले. "मॅडम, खांडीला काय बोलतात?"

"खांड म्हणजे?"

"भरतीचा पानी बांद फोरून आत घुसतो. ती खांड."

आणि मला शब्द आला. डाइशब्रुख. बांध फुटणे. बारा वर्षांपूर्वी एका यादीत पाठ केला होता. आला आणि घशात थांबला. एकवचन, अनेकवचन, त्याच्या आधी कोणतं उपपद, वाक्य भूतकाळात की पूर्ण भूतकाळात. माझं तोंड उघडं होतं. त्यातून काही बाहेर आलं नाही.

क्षणभर वाट बघून घरत परत पडद्याकडे वळले. डावा हात छातीसमोर आडवा धरला, बांधासारखा. उजव्या पंजाने लाटा केल्या. "मेअर कोम्ट. वासर कोम्ट." समुद्र येतो, पाणी येतं. उजवा पंजा डाव्या हातावर आपटला आणि डावा हात मोडून खाली पडला. मग जमिनीपासून तीन फुटांवर तळवा धरला. "दिपेश क्लाइन. दिपेश झाग्ट: फाटर, कोम."

दिपेश लहान. दिपेश म्हणतो: बाबा, या.

एकाही वाक्याला धड नव्हतं. बाई त्या मोडून पडलेल्या हाताकडे बघत राहिल्या. मग एकदम ओरडल्या, "डेअर डाइश!" बांध! त्या त्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या. त्यांनी पंजा वर केला, पाच बोटं. पाच वर्षांची असताना त्यांच्या गावचा बांध रात्रीत फुटला होता. वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं. हे सगळं त्यांनी हातांनी सांगितलं, घरतांसारखंच. आणि मला हे सगळं कळलं.

केसर तेवढ्यात पुढे झाली आणि आपलीही पाच बोटं दाखवली. तिला वाटलं वय विचारतायत.

शेवटी बाई म्हणाल्या, मला वाटलं तो पाणी मागतोय, मी चमच्याने पाणी देत राहिले. मला त्याचं काही कळत नव्हतं. म्हणून प्रत्येक वेळी मी एवढंच म्हणत होते: इश बिन डा.

घरतांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःशीच म्हणाले, "मी हाय. मी हाय आथं."

फोन संपल्यावर मी पाणी दिलं. ते सांगत होते, दिपेश आठ वर्षांचा असताना उधाणाला मिठागराचा बांध फुटला होता. पोर सगळ्यांत आधी बघून ओरडत घरापर्यंत पळत आला. "आन् मी धावलो, मॅडम. टायमावर धावलो. सगला वाचला तवा." मग म्हणाले, रेवसहून पाचची तर गाठायला हवी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज वर्ग नव्हता. दिवसभर काही केलं नाही.

आईच्या पाठीला त्या साली काहीही झालं नव्हतं. जर्मनीला जायचं म्हणून मुंबईत झालेल्या मुलाखतीला समोर खरीखुरी जर्मन बाई बसली होती. प्रवास कसा झाला, एवढंच तिने विचारलं. मला चार उत्तरं सुचली, आणि त्यांतलं सगळ्यांत बरोबर कोणतं हे ठरेपर्यंत तिने इंग्रजीत विचारलं, पाणी हवंय का. मी 'यस' म्हटलं. सगळ्या मुलाखतीत मी तेवढंच बोलले.

हे पान कोणी वाचणार नाही म्हणून लिहिलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

घरत येणार नाहीत असं धरून मी खुर्च्या तीनच मांडल्या होत्या, दोघी नर्सच्या आणि माझी. अकराच्या ठोक्याला जिन्यात पावलं वाजली.

"आता कशाला?" मी विचारलं. जरा कडकच विचारलं.

त्यांना प्रश्न समजला नाही. "बाईचा आपरेशन हाय ना दिवालीनंतर. मंग फोन करून इचारायला नको? कसा वाटतं, दुखतं का, जेवता का? ता कसा बोलायचा?"

मी चौथी खुर्ची ओढली. फळ्यावर लिहिलं, वी गेट एस इनेन, तुम्ही कशा आहात. खाली दुखण्याचं वाक्य. त्याखाली जेवणाचं.

पहिल्यांदा त्यांनी भलतंच म्हटलं. दुसऱ्यांदा त्याहून भलतं. कान नाही, जीभ नाही, वय झालेलं. दोघी नर्स हसायला लागल्या, मी त्यांना गप्प केलं. अकरा वेळा म्हणवून घेतलं. बाराव्यांदा बरोबर आलं, तरी तेराव्यांदा म्हणायला लावलं. छाती शिवलेली बाई असेल ती. तिला अर्थ लावत बसायला लागता कामा नये.